वनस्पतिजन्य कापडाचे टिकाऊ कपडे : पारख, शिवण, निगा आणि शेवट

कपड्याचा निसर्गावर किती भार पडतो हे ठरवताना बहुतेक जण फक्त धाग्याचे नाव पाहतात. कापूस चांगला, पॉलिएस्टर वाईट, बांबू सगळ्यांत चांगला, असा तो ढोबळ हिशेब. पण धागा कोणत्या झाडाचा, यावरून अर्धेच कळते. तो धागा काढला कसा, कापडावर कोणती प्रक्रिया केली, शिवण कशी घातली आणि कपडा किती वर्षे अंगावर राहिला, यावर बाकीचे ठरते. त्यातही शेवटची गोष्ट सगळ्यांत वजनदार. एका कपड्यासाठी लागणारे पाणी, वीज आणि जमीन एकदाच खर्च होते. कपडा दहाऐवजी शंभर वेळा घातला तर दर वापरामागचा तो खर्च दहाव्या हिश्शावर येतो. त्यामुळे पुढचे सगळे टप्पे एकाच दिशेने जातात: मुळात टिकणारे कापड ओळखायचे आणि मग ते टिकवायचे.

झाडातला धागा आणि झाडापासून बनवलेला धागा

खरेदीला जाण्याआधी हा फरक डोक्यात पक्का हवा, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

कापूस, लिनन, हेम्प (भांगेच्या जातीचे झाड), रेमी (खाजकुइलीसारख्या नव्हे, तर नेटल कुळातले झुडूप) आणि ताग यांचा धागा झाडातच तयार होतो. कापसाचे तंतू सरकीवर उगवतात. लिनन जवसाच्या खोडातून निघते, तर हेम्प, ताग आणि रेमी त्या त्या झाडाच्या सालीतून. जवस, हेम्प आणि ताग यांची खोडे दवात किंवा पाण्यात कुजवून तंतू मोकळे केले जातात. रेमीची साल खरवडून, डिंक काढून टाकावा लागतो. या सगळ्यांत तंतूची मूळ रचना जशीच्या तशी राहते.

व्हिस्कोस, मोडाल आणि लायोसेल यांची गोष्ट वेगळी. त्यांत लाकडाचा किंवा बांबूचा लगदा रसायनात विरघळवतात आणि बारीक छिद्रांतून दाबून नवा तंतू घडवतात. व्हिस्कोसची पद्धत १८९२ साली क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघांनी पेटंट केली. त्यात कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड लागतो. कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक असतो, त्यामुळे कारखाना तो परत पकडतो की हवेत सोडतो, यावर त्या कापडाचे भलेबुरे ठरते. लायोसेलसाठी एन-मिथाइलमॉर्फोलिन ऑक्साइड नावाचे द्रावक वापरतात. ते जवळजवळ सगळे परत मिळवून पुन्हा वापरता येते, म्हणून या तिघांत लायोसेल उजवे ठरते.

आता बांबू. ‘बांबूचे कापड’ म्हणून विकले जाणारे रेशमी, मऊ, सुळसुळीत कापड जवळजवळ नेहमी व्हिस्कोसच असते. बांबूपासून लिननसारखा थेट धागाही निघतो, पण तो खरखरीत असतो आणि बाजारात क्वचितच दिसतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने व्हिस्कोसला नुसते ‘बांबू’ म्हणून विकणाऱ्यांवर २००९ साली कारवाई केली. त्यानंतर तिथल्या लेबलवर ‘बांबूपासून बनवलेले रेयॉन’ असे लिहावे लागते. रेयॉन म्हणजे व्हिस्कोससारख्या कापडाचेच दुसरे नाव. लेबलवर फक्त झाडाचे नाव असेल आणि प्रक्रियेचे नाव नसेल, तर दुकानदाराला सरळ विचारावे.

कोणत्या कपड्याला कोणता धागा

सुती कापड जवळपास सगळ्यासाठी चालते. ओले झाले की ते कोरड्यापेक्षा थोडे मजबूत होते, त्यामुळे वारंवार धुणे सोसते. मात्र कापसातही प्रतवारी आहे. तंतू २५ मिलिमीटरपेक्षा आखूड असेल तर सूत केसाळ होते आणि लवकर झिजते. ३४ मिलिमीटरच्या पुढचा तंतू गुळगुळीत, बारीक आणि दमदार सूत देतो. कापसाच्या शेतीला पाणी किती लागते, याचे एकच उत्तर देता येत नाही. पावसावर वाढलेला कापूस आणि नद्या वळवून वाढवलेला कापूस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मध्य आशियातला अरल समुद्र आटला तो अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी मुख्यतः कापसाच्या शेतीकडे वळवल्यामुळे.

लिनन उष्म्यात सुखद. ते घाम पटकन टिपते आणि पटकन वाळते. मजबूतही आहे, पण लवचीक नाही. एकाच जागी पुन्हा पुन्हा घडी पडली की तिथला तंतू मोडतो. हेम्प लिननच्याच वळणाचे, सुरुवातीला राठ आणि धुण्यागणिक मऊ होणारे. रेमीला चमक छान असते, पण घडीवर तुटण्याची खोड लिननहून जास्त. तागात लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारे द्रव्य) भरपूर असते, त्यामुळे तो खरबरीत असतो आणि उन्हात पिवळा पडतो. तो पिशव्यांसाठी ठेवावा, अंगावर घेऊ नये.

व्हिस्कोसची झूल सुंदर असते, पण ओले झाल्यावर त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. रोज घालायच्या, घासून धुवायच्या कपड्यांना ते घेऊ नये. लायोसेल ओलेपणी बरेच जास्त टिकते. त्याचा दोष असा की ओले असताना घासले की पृष्ठभागावर बारीक तूस उठते आणि गडद रंगावर पांढुरकी झाक येते. म्हणून ते उलटे करून धुवावे.

दोन-तीन गोष्टी लेबलवर दिसल्या की थांबावे. पॉलिएस्टर-सुती मिश्रणावर गोळे येतात, कारण सुटलेले तंतू मजबूत पॉलिएस्टर धरून ठेवते. शुद्ध सुतावरचे गोळे बहुतेक गळून पडतात. दोन ते पाच टक्के इलास्टेन (रबरासारखा ताणला जाणारा कृत्रिम धागा) आरामदायक वाटते, पण उष्णतेने आणि क्लोरीनने ते कापसाच्या आधी मरते, आणि मग गुडघे फुगलेली पँट उरते. ‘सुरकुतीमुक्त’ सुती कापडावर रेझिनचा थर असतो. त्यात फॉर्मल्डिहाइडचा अंश असू शकतो, आणि कापडाची ताकद त्या रेझिनमुळे नक्कीच घटते. मुद्दाम घासून जुनी दाखवलेली डेनिम तर विकत घेतानाच अर्धी झिजलेली असते.

प्रमाणपत्रे वाचताना

‘गॉट्स’ (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड) या सेंद्रिय कापडाच्या प्रमाणपत्रात दोन पायऱ्या आहेत. ‘ऑरगॅनिक’ लिहायला किमान ९५ टक्के तंतू प्रमाणित सेंद्रिय लागतात, ‘ऑरगॅनिक तंतूंसह बनवलेले’ लिहायला किमान ७० टक्के. त्यात रंगाई, धुलाई आणि कामगारांच्या अटीही तपासतात. ‘ओको-टेक्स स्टँडर्ड १००’ तयार मालात घातक द्रव्ये मर्यादेत आहेत एवढेच सांगते. शेती सेंद्रिय होती की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. दोन्हींच्या लेबलवर क्रमांक असतो आणि तो संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. क्रमांक नसलेल्या हिरव्या पानाच्या चित्राला काहीही अर्थ नाही.

घरी करायच्या चाचण्या

कापड हातात आल्यावर, कात्री लावण्याआधी, या चाचण्या करून घ्याव्यात. तयार कपड्याच्या बाबतीत आतल्या मायेतून, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेल्या जास्तीच्या कापडातून, दोन-चार धागे काढले तरी पुरते.

पहिली चाचणी जाळण्याची. उभा आणि आडवा धागा वेगवेगळे काढावेत, कारण ताणा सुती आणि बाणा पॉलिएस्टर असे कापड सर्रास मिळते. तीन-चार सेंटीमीटरचे आठ-दहा धागे पिळून चिमट्यात धरावेत, खाली पाणी घातलेली धातूची थाळी ठेवावी आणि धाग्याचे टोक हळू ज्योतीजवळ न्यावे. वनस्पतिजन्य धागा लगेच पेटतो, कागद जळल्याचा वास येतो, ज्योत विझल्यावरही टोक थोडा वेळ लाल धुमसते आणि शेवटी बोटाने चुरडणारी करडी राख राहते. पॉलिएस्टर ज्योतीपासून मागे आकसते, वितळते आणि कडक मणी उरतो. तो मणी गरम असताना बोट लावू नये, कातडीला चिकटतो. केस जळल्याचा वास आला तर ते रेशीम किंवा लोकर.

जाळून सुती आणि व्हिस्कोस वेगळे ओळखता येत नाहीत, कारण दोन्ही सेल्युलोजच. त्यासाठी दुसरी चाचणी आहे. पंधरा सेंटीमीटर लांबीचा एक धागा घ्यावा. बोट ओले करून त्याचा मधला दोन-तीन सेंटीमीटरचा भाग नीट भिजवावा, अर्धा मिनिट थांबावे, मग दोन्ही टोके धरून एकसारखे ओढावे. व्हिस्कोस ओल्या भागातच तुटते, आणि तुटताना फारसा जोरही लागत नाही. सुती किंवा लिननचा धागा सहसा कोरड्या भागात तुटतो. एका धाग्यावर निकाल देऊ नये, चार-पाच तोडून पाहावेत. मोडाल आणि लायोसेल यांत फरक इतका स्पष्ट दिसत नाही, हे ध्यानात ठेवावे.

तिसरी, वजनाची. कापडाच्या जाडीबद्दल ‘हलके’, ‘भारी’ असे शब्द कामाचे नाहीत. दहा बाय दहा सेंटीमीटरचा नेमका तुकडा कापून ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलावा आणि शंभराने गुणावे. १.४ ग्रॅम भरले तर कापड १४० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १४० ग्रॅम. तुकडा कापायचा नसेल तर अख्खे कापड तोलावे: दीड मीटर पन्ह्याचे दोन मीटर कापड म्हणजे तीन चौरस मीटर. ते ४८० ग्रॅम भरले तर १६० जीएसएम. मलमलीसारखे झिरझिरीत कापड ६० ते ९०, सुती शर्ट ११० ते १५०, लिननचा शर्ट १४० ते १९०, पँट २२० ते ३००, डेनिम ३४० ते ४७५, हे अंदाज धरून चालावे. पँटला १५० चे कापड घेतले तर ते मांड्यांच्या आतल्या बाजूला विरणार, मग धागा कितीही सेंद्रिय असो.

चौथी, खळीची आणि विणीची. स्वस्त, विरळ विणीच्या कापडाला भरपूर खळ देऊन ते घट्ट भासवले जाते. कापड दोन हातांत घेऊन जोरात चोळावे. पांढरी भुकटी उडाली किंवा चोळलेली जागा एकदम लिबलिबीत झाली तर ती खळच. मग दोन अंगठे शेजारी ठेवून कापड बाजूंना ताणावे. धागे सरकून फट पडत असेल आणि सोडल्यावर ती तशीच राहत असेल, तर शिवणीवर ताण येताच तिथेही हेच होईल. टीप शाबूत राहील आणि कापड टिपेपासून सुटेल. अशा कापडाचा घट्ट बसणारा कपडा शिवूच नये.

आटणे : मोजून घ्या, अंदाज नको

मागावर उभे धागे ताणलेले असतात. कापड पाण्यात गेले की तंतू फुगतात, ताण सुटतो, धागे एकमेकांवरून अधिक वळण घेतात आणि कापड आखडते. म्हणून आटणे बहुतेक उभ्या दिशेला जास्त असते. कोऱ्या सुती आणि लिनन कापडात ३ ते १० टक्क्यांपर्यंत फरक पडतो. काही कापडे कारखान्यातच सॅनफोराइज केलेली, म्हणजे यंत्राने आधीच आटवलेली असतात, ती फार कमी आटतात.

१. काठापासून थोडे आत, कापडावर ५० बाय ५० सेंटीमीटरचा चौकोन पक्क्या दोऱ्याने टाके घालून आखा. पेनची खूण धुऊन जाते.

२. पुढे कपडा जसा धुणार आहात तसाच धुवा, त्याच तापमानाला, आणि तसाच वाळवा. मशीनमध्ये वाळवणार असाल तर आत्ताही मशीनमध्येच वाळवा.

३. इस्त्री न ओढता, वरून दाबून फिरवा आणि दोन्ही दिशांनी मोजा. ५० चे ४७.५ झाले तर आटणे ५ टक्के.

४. पुन्हा धुवा. पहिल्या धुण्यात सगळे आटून जाते हा समज चुकीचा आहे. सुती कापड दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यातही थोडे आटते. आकडा स्थिर होईपर्यंत धुवा.

५. लागणारे कापड काढताना भागाकार करा. अडीच मीटर हवे आणि आटणे ५ टक्के, तर २.५ भागिले ०.९५, म्हणजे २.६३ मीटर घ्या.

एवढे करूनही अख्खे कापड न धुता शिवले तर सगळा खटाटोप वाया. अस्तर, खिशाचे कापड, नाडी आणि पायपिंगही आधी धुवून घ्या. बाहेरचे कापड आटलेले आणि अस्तर न आटलेले असेल तर पहिल्या धुण्यानंतर अस्तर आखडते आणि कपड्याचा खालचा घेर चुण्यांनी वर ओढला जातो.

कोरे, न धुतलेले कापड घरी रंगवायचे असेल तर साधे धुणे पुरत नाही. तंतूवरचा नैसर्गिक मेणाचा थर काढावा लागतो. एक किलो कोरड्या कापडाला ३० लिटर पाणी, २० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि १० ग्रॅम सौम्य साबण घेऊन तासभर मंद उकळत ठेवावे. पाणी पिवळसर-तपकिरी होते. ते फारच गडद झाले तर नव्या पाण्याने पुन्हा. वनस्पतींच्या बहुतेक रंगांना या धाग्यांवर टिकायला तुरटीसारखा धातूक्षार लागतो. नैसर्गिक रंग म्हणून क्रोम किंवा कथिलाचे क्षार वापरलेले असतील तर ते निर्धोक म्हणता येणार नाहीत, एवढे विचारून घ्यावे.

शिवताना

सुई कापडाप्रमाणे: झिरझिरीत कापडाला ७० नंबरची, मध्यम सुती आणि लिननला ८०, जाड लिनन, हेम्प किंवा डेनिमला ९० ते १००. टाका २.५ मिलिमीटर, जाड कापडाला ३. टाका फार बारीक ठेवला तर घट्ट विणीच्या कापडात सुई भोकांची रांग पाडते आणि कापड नेमके तिथेच फाटते.

दोऱ्याचा निर्णय सुरुवातीला घ्या. कपडा शेवटी खतात जिरवायचा असेल किंवा नंतर रंगवायचा असेल तर सुती दोरा वापरा, मर्सराइज केलेला (कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेने चमकदार आणि मजबूत केलेला) आणि ५० नंबरच्या आसपासचा. तो पॉलिएस्टरसारखा ताणला जात नाही, त्यामुळे मशीनचा वरचा ताण थोडा सैल करा. शिवायला घेण्याआधी दोऱ्याला हाताने झटका देऊन पाहा. जुना सुती दोरा सहज तुटतो, आणि तसला दोरा वापरला तर टीप पहिल्या धुण्यात उसवते. बैठकीच्या शिवणीसारख्या जास्त ताणाच्या जागी दुहेरी टीप हवीच.

लिनन कडेने भराभर सुटते. म्हणून माया दीड सेंटीमीटर ठेवा आणि कडा आत बंद करणारी शिवण घाला. हलक्या कापडाला फ्रेंच शिवण घालावी: आधी उलट्या बाजू एकमेकांना लावून कडेपासून ६ मिलिमीटरवर टीप, मग कडा ३ मिलिमीटरपर्यंत कापून कापड पालटून ९ मिलिमीटरवर दुसरी टीप. दोन्ही मिळून दीड सेंटीमीटर भरते आणि एकही सुटा धागा बाहेर राहत नाही.

कपड्याचे आयुष्य वाढवणारी सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे जास्तीची माया. बाजूच्या शिवणीत अडीच ते तीन सेंटीमीटर आणि खालच्या दुमडीत पाच सेंटीमीटर कापड आत ठेवले तर अंग बदलले तरी कपडा सोडून मोठा करता येतो. त्याच कापडाचे दोन तळहाताएवढे तुकडे खिशाच्या आत टाचून ठेवा. कपड्याबरोबर तेही धुतले जातात, आणि पुढे ठिगळ लावायची वेळ येईल तेव्हा रंग जुळतो.

धुणे, वाळवणे, ठेवणे

बहुतेक कपड्यांना ३० अंश पुरते, अंगालगतच्या आणि पांढऱ्या कपड्यांना ४० ते ६०. कपडे उलटे करून, चेन आणि हुक लावून धुवा. सॉफ्टनर टाळा, तो तंतूवर थर बसवतो आणि कापडाची पाणी टिपण्याची ताकद घालवतो, जिच्यासाठी आपण हे कापड घेतले.

क्लोरीनचे ब्लीच सेल्युलोज तोडते. पांढऱ्यासाठी सोडियम परकार्बोनेट (क्लोरीन नसलेली, ऑक्सिजनवर चालणारी ब्लीच पावडर) घ्या: लिटरभर ४० ते ५० अंश गरम पाण्यात १० ग्रॅम, दोन-तीन तास भिजवून मग नेहमीसारखे धुणे. थंड पाण्यात ते नीट काम करत नाही. लिंबू लावून उन्हात वाळवण्याचा उपाय डागाइतकाच कापडालाही खातो. आम्ल सुकताना तीव्र होत जाते आणि काही धुण्यांनंतर तिथे भोक पडते. लावलेच तर भरपूर पाण्याने धुऊन टाका. रंग पक्का करायला मीठ-व्हिनेगरमध्ये भिजवण्याचा उपयोग नाही. सुटणारा रंग हा न चिकटलेला रंग असतो, तो पहिल्या तीन-चार धुण्यांत वेगळा धुऊन काढणे हाच उपाय.

गडद कपडे सावलीत वाळवा. लिनन पिळू नका, ओले असतानाच झटकून, हाताने सपाट करून टांगा. थोडे ओलसर असताना इस्त्री फिरवली तर निम्म्या कष्टात सुरकुत्या जातात. लिनन आणि सुतीला इस्त्रीचे तीन ठिपके, म्हणजे सुमारे २०० अंश. व्हिस्कोसला दोन, १५० च्या आसपास. लिननच्या घडीवर इस्त्री दाबू नका, आणि दर वेळी घडी वेगळ्या जागी घाला. खळ दिलेला कपडा महिनोन्महिने कपाटात ठेवू नका. खळीवर कसर लागते, आणि दमट हवेत बुरशीही तिथेच आधी धरते.

झिजल्यावर

भोक पडायची वाट पाहू नका. मांडीच्या आतल्या बाजूचे किंवा कोपराचे कापड उजेडासमोर धरले आणि ते जाळीसारखे दिसले की तेव्हाच आतून ठिगळ लावा. ठिगळाचे कापड धुतलेले, मूळ कापडाइतके किंवा त्याहून किंचित हलके असावे आणि त्याचा उभा धागा मूळ उभ्या धाग्याला समांतर हवा. जाड ठिगळ लावले तर त्याच्या कडेवर ताण येतो आणि नवे भोक तिथेच पडते. ठिगळ विरलेल्या भागाच्या सर्व बाजूंनी किमान दोन सेंटीमीटर पुढे, धडक्या कापडापर्यंत न्या. लहान भोक रफूने भरते: आधी उभे धागे भरायचे, मग त्यांतून एक वर एक खाली असे आडवे, आणि प्रत्येक फेरीच्या टोकाला दोऱ्याचा बारीक फासा सैल सोडायचा. तो न सोडल्यास पहिल्या धुण्यात दोरा आटून रफू गोळा होते. शर्टाची कॉलर दुमडीवर झिजली तर ती उसवून, उलटून पुन्हा बसवता येते. कपड्याला त्याने आणखी काही वर्षे मिळतात.

दुरुस्तीच्या पलीकडे गेलेल्या कपड्याची बटणे, चेन आणि इलॅस्टिक काढून ठेवा. उरलेले कापड फडक्यांना वापरा. मात्र जवसाच्या तेलाने माखलेली फडकी चुरगळून ढिगात टाकू नका. तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडते आणि फडकी आपोआप पेटू शकतात. ती पसरून पूर्ण सुकवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

खतात घालायला फक्त शुद्ध वनस्पतिजन्य कापड चालते. प्लास्टिकसारखी जाड, रबरी छपाई असलेला भाग, लेबल आणि पॉलिएस्टरची टीप कापून बाजूला काढा. नाहीतर कापड विरते आणि टिपांची अखंड जाळी मातीत राहते. कापडाचे पाच सेंटीमीटरचे तुकडे करा, भिजवा आणि ढिगात थर न लावता ओल्या हिरव्या पाल्यात मिसळून टाका. कापडात कार्बन भरपूर आणि नत्र जवळजवळ नाही, त्यामुळे नुसत्या कापडाचा ढीग कुजत नाही. मलमल काही महिन्यांत दिसेनाशी होते. डेनिमला बराच जास्त काळ लागतो, आणि अधूनमधून ढीग परतून ओल तपासावी लागते.